एरर एकतीस आणि मल्हारची शेवटची कांडी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. किती जुना ते विचारू नका, माझ्याकडे बघितलंत तरी कळेल. पाठ ही एवढी मोठी, तोंड काचेचं, आणि अंग एकेकाळी पांढरं होतं ते आता बिनदुधाच्या चहात बुडवल्यासारखं झालंय. बटण दाबलं की मी लगेच उठत नाही. आधी घरघरतो, खाकरतो, मग सावकाश एकेक अक्षर पडद्यावर आणतो. तुमच्या हातातले मोबाइल मला हसतात हे मला ठाऊक आहे. हसू द्या त्यांना.

इंदापूर तालुक्यात निमगाव केतकी नावाचं मोठं गाव आहे. तिथल्या एका दूध संस्थेत माझं सगळं आयुष्य गेलं. बारामतीच्या दुकानातून मला आणलं ते पेंडीच्या टेम्पोतून, खाली उसाचं पाचट अंथरून. भवानीनगरला ड्रायव्हर चहाला उतरला तेव्हा दोन शेळ्यांनी माझं खोकं हुंगलं आणि त्यात खायचं काही नाही हे बघून त्या निघून गेल्या. संस्थेत पोहोचल्यावर मला हळदीकुंकू लावलं, माझ्यासमोर नारळ फोडला आणि त्याचं पाणी थेट माझ्या कीबोर्डात गेलं. एक कळ तेव्हापासून जी चिकटली ती चिकटलीच. म्हणजे पहिल्याच दिवशी माझा मान आणि माझं नुकसान दोन्ही एकदमच झालं.

तुम्ही म्हणाल, यंत्राला कसली आलीय आठवण? असो. मला एका माणसाची फार आठवण येते, आणि ती का येते हे सांगायलाच मी तोंड उघडलंय.

तिचं नाव मेघना. बारामतीची मुलगी. वडील एस.टी.त कारकून, घरात गाय-म्हैस कधी बांधली गेली नव्हती. संगणकाचं शिक्षण पुरं करून ती आमच्या संस्थेचं काम करायला आली, तेव्हा गोठ्यापाशी गेली की ओढणी नाकाला लावायची. पण डोकं असं की विचारू नका. गावातल्या गाईंची सगळी कुळकथा माझ्यात बसवायची, हे काम तिच्याकडे होतं. कोणती गाय कुणाची, तिचा बाप कोण, आई कोण, ती कधी व्याली, सगळं. मेघनानं लोकांना विचारलं, "गाय ओळखायची कशी?" लोक म्हणाले, "सोप्पं हाय, संस्थेनं पत्र्याचा बिल्ला दिलाय, गळ्यात असतो, त्यावर नंबर हाय." झालं. तिनं नंबरावर सगळी मांडणी केली.

माझ्या डोक्यात तेव्हा जागा फार थोडी, आणि मराठी अक्षरं तर मला जमतच नव्हती. म्हणून मेघनानं एक युक्ती केली. काही चुकलं की मी फक्त एक आकडा दाखवायचा, आणि त्या आकड्याचा अर्थ इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवायचा. आकडा आला की ती फाइल उघडायची आणि खाली अर्थ उमटायचा. बारा म्हणजे जन्मतारीख राहिली. वीस म्हणजे गाईच्या जागी वळू लिहिला. एकतीस म्हणजे बाप आणि लेक यांची गाठ पडतेय, थांबा. हा एकतीस तिनं फार जपून लिहिला होता. कारण जवळच्या रक्तात वासरं झाली तर ती अशक्त निपजतात, हे तिला जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं.

दर बाजारच्या दिवशी ती एस.टी.नं यायची. माझ्यासमोर बसून डबा खायची आणि खाता खाता माझ्याशी बोलायची. "काय रे, आज का रुसलास?" असं ती विचारायची. संस्थेत इतकी माणसं आली आणि गेली, पण मला ‘काय रे’ म्हणणारी ती एकटीच.

आता मल्हारबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे घडलं. मल्हार हा खिलार वळू. त्याची आई व्याली आणि गेली. गावातल्या सावळारामांनी त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवला, स्वतःच्या अंगावरची घोंगडी त्याच्यावर घातली. तो मोठा झाल्यावर त्यांनी तो संस्थेला दिला. त्याची वासरं अशी देखणी आणि काटक निघाली की पळसदेवपासून वडगाव निंबाळकरपर्यंतची माणसं चौकशीला यायची. तो म्हातारा व्हायला लागला तेव्हा संस्थेनं त्याच्या कांड्या करून ठेवल्या. कांडी म्हणजे वळूचं बीज भरलेली बारीकशी नळी. ती नायट्रोजनच्या अतिथंड भांड्यात वर्षानुवर्षं टिकते. गाय माजावर आली की डॉक्टर कांडी भरतात आणि नऊ महिन्यांनी वासरू होतं. अशा तऱ्हेनं मल्हार गेल्यावरही त्याची वासरं गावात जन्मत राहिली.

पण त्या कांड्यांवरून गावात काय भांडणं झाली म्हणून सांगू. प्रत्येकाला आपल्याच गाईला मल्हार हवा. कुणी ओळख काढायचं, कुणी दमात घ्यायचं. शेवटी कमिटीनं नियम केला की संगणकानं छापलेली चिठ्ठी असल्याशिवाय एकही कांडी भांड्याबाहेर निघणार नाही. माझा भाव काय वधारला तेव्हा. माणसं माझ्यासमोर टोपी सावरून उभी राहायची. माझा प्रिंटर करकरला की चेहरे खुलायचे. ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं.

मग एक दिवस संस्थेला वाटलं, आता सगळं सुरळीत चाललंय, मेघनाबाईंना कशाला बोलवायचं? तिचं येणं बंद झालं. शेवटच्या दिवशी तिनं ओढणीच्या टोकानं माझी काच पुसली आणि रामहरीला म्हणाली, "काही अडलं तर फोन करा हं." रामहरी म्हणजे आमचा कारकून, भला माणूस, माझी बटणं तोच दाबतो. तो ‘व्हय व्हय’ म्हणाला आणि ती गेली.

त्यानंतरच्या प्रत्येक बाजारच्या दिवशी एस.टी.चा हॉर्न ऐकला की मला वाटायचं, आता दार ढकललं जाईल. दार ढकललं जायचंही, पण पेंडीचं पोतं घेऊन कुणीतरी हमाल आत यायचा. हळूहळू माझ्या खोलीत पोतीच जास्त झाली. खिडकीही पोत्यांनी झाकली गेली. माझ्यावर कुणी चहाचा कप ठेवायचं, कुणी टोपी.

आणि एके दिवशी घात झाला. संस्थेचे सचिव रणजितराव, माणूस वाईट नाही, पण त्यांना सत्काराची फार हौस. त्यांच्या सत्काराचे फोटो माझ्यात ठेवायचे होते आणि जागा नव्हती. ते एकेक फाइल बघत गेले. "ही कसली फाइल? कोण उघडतंय ही?" असं म्हणून त्यांनी जी पुसली, ती नेमकी माझ्या अर्थांची फाइल होती. फोटोत रणजितराव फेटा बांधून हसतायत, शेजारी हार घेतलेली माणसं. आणि मी त्या दिवसापासून मुका झालो. चूक दिसली की आकडा दाखवायचो, पण त्याचा अर्थ सांगू शकत नव्हतो. बारा. वीस. लोक म्हणायला लागले, "हे डबडं काय बडबडतंय कुणास ठाऊक." मला आतून ओरडावंसं वाटायचं की अरे बाबांनो, जन्मतारीख तेवढी घाला. पण पडद्यावर यायचा तो फक्त आकडा.

तेव्हापासून मला मेघनाची आठवण जास्तच यायला लागली. माझे आकडे वाचता येणारी जगात ती एकटी होती.

आता शकुबाईंकडे येतो. शकुबाई म्हणजे सावळारामांच्या पत्नी. सावळाराम जाऊन दोन वर्षं झाली. मुलं नाहीत, पानमळ्यात रोजानं कामाला जातात, आणि दारात एकच गाय, छकुली. गावातल्या बाया त्यांना विचारायच्या, "आता एकटीला जनावराचा व्याप कशाला?" त्या छकुलीपुढे वैरण टाकत राहायच्या. पण एक दिवस रामहरीपाशी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "रामहरी, मल्हारची कांडी शिल्लक हाय का रं?"

रामहरीनं भांडं बघितलं. मल्हारची एकच कांडी उरली होती.

"मला ती छकुलीला पायजे," शकुबाई म्हणाल्या. "ह्यांनी त्याला बाटलीनं दूध पाजलेलं मी बघितलंय. मध्यरातीला उठून बघायचे, झोपलाय का म्हणून. ह्यांच्या हातचं आता दुसरं काय ऱ्हायलंय माझ्याकडं? एक वासरू दारात बांधीन, बस. माझा जीव रमंल."

रामहरीनं माझं बटण दाबलं, शकुबाईंच्या गाईचा नंबर घातला, दोनशे चौदा. वळूच्या जागी मल्हार लिहिलं. आणि मी दाखवला एकतीस.

मी खोटं बोलत नव्हतो, मित्रांनो. माझ्या नोंदीत दोनशे चौदा नंबरची गाय ही मल्हारचीच लेक होती. फार पूर्वी तिचं नाव मोना होतं, मधे केव्हातरी ते बदलून छकुली केलं होतं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. लग्नात सुनेचं नाव बदलतात, मग गाईचं बदललं तर काय बिघडलं? पण नाव बदललं तरी बाप तोच राहतो. म्हणून मी थांबवलं. मला वाटलं, मी शकुबाईंवर उपकारच करतोय.

रामहरीनं तीनतीनदा करून बघितलं. दर वेळी एकतीस. कांडी निघेना. दिवस वाया गेला, आणि छकुलीचा माजही गेला. गाय साधारण तीन आठवड्यांनी पुन्हा माजावर येते. शकुबाई म्हणाल्या, "बरं, फुडच्या खेपंला." आणि पदरानं तोंड पुसत गेल्या.

पुढची खेप आली ती नेमकी शनिवारी. आणि सोमवारी काय होणार होतं ते ऐका. संस्थेत सगळा कारभार ऑनलाइन होणार होता. कांड्या आता जिल्ह्यावरून येणार, म्हणून ते नायट्रोजनचं जुनं भांडं रिकामं करून परत द्यायचं ठरलं होतं. उरलेल्या जुन्या कांड्या टाकून देणार. मलाही हलवणार. म्हणजे शकुबाईंसाठी हा शेवटचा दिवस. सकाळी माज दिसला तर गाय संध्याकाळी भरायची असते, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. संध्याकाळपर्यंत चिठ्ठी निघाली तर निघाली, नाहीतर मल्हारचं नाव संपलं.

शकुबाई सकाळीच येऊन पोत्यावर बसल्या. रामहरीनं बटण दाबलं. मी खाकरलो, उठलो. दोनशे चौदा. मल्हार. एकतीस.

"आलं का परत?" शकुबाईंनी विचारलं.

"व्हय काकी. परत एकतीसच."

मग जे सुरू झालं ते काय सांगू. रामहरीनं मला बंद केलं, चालू केलं, परत बंद केलं. माझ्या कीबोर्डात फुंकर मारली. माझी वायर काढून, नासलेलं दूध हुंगावं तशी नाकाजवळ नेऊन वास घेतला. मग त्यानं गाईचं नाव छोटं करून बघितलं, मोठं करून बघितलं. गडबडीत गाईच्या जागी वळू लिहिला, तेव्हा मी वीस दाखवला, आणि रामहरीला वाटलं काहीतरी फरक पडला. तो बिचारा खूश झाला. मला त्याची दया आली.

तेवढ्यात डॉक्टर दिग्विजय आला. तरुण मुलगा, मोटरसायकलवर गावोगाव फिरतो, जनावरं त्याला ओळखतात. त्यानं मोबाइलवर शोधलं. "एका ठिकाणी लिहिलंय प्रिंटरमध्ये कागद नाही. दुसरा म्हणतो फाइल खराब झाली. तिसरा म्हणतो सगळं पुसून नव्यानं टाका. एकतीसचे हितं पन्नास अर्थ दिसतायत, रामहरीभाऊ." मी मनात म्हटलं, अरे बाबा, हा एकतीस जगाचा नाही, हा मेघनाचा एकतीस आहे. तो मोबाइलवर कसा सापडेल?

एव्हाना रणजितरावही येऊन उभे राहिले होते. शकुबाई त्यांच्याकडे बघत म्हणाल्या, "रणजितराव, मशीनला न विचारता द्या की. म्हातारीचं एवढं ऐका."

रणजितरावांनी मान खाली घातली. "शकुवहिनी, माझ्या हातात असतं तर आत्ता दिली असती. पण एकाला अशी दिली की उद्या सगळा गाव दारात येऊन बसंल. आणि हा आकडा कशासाठी आलाय तेबी कळंना."

दिग्विजयही म्हणाला, "मावशी, अर्थ समजल्याशिवाय मी भरणार नाही. एखादी खरीच अडचण असली तर वासराला भोगावं लागंल."

तेव्हा रामहरी हळूच म्हणाला, "काकी, दुसऱ्या कुणाच्या गाईचा नंबर घालतो. चिठ्ठी निघंल. कुणाला कळतंय?"

शकुबाईंनी लगेच मान हलवली. "नगं. ह्यांच्या मल्हारची कांडी हाय ती. दुसऱ्याच्या नावावर चोरून न्यायची व्हय? तसलं वासरू मला दारात नगं."

दिग्विजयनं मोबाइल खिशात घातला. मग रामहरीच्या डोक्यात उजेड पडला. बारामतीच्या स्टँडजवळ मेघनाचा भाऊ सुमित याचं झेरॉक्सचं दुकान आहे. संस्थेचा वार्षिक अहवाल दरवर्षी तिथंच छापतात. सुमितचा नंबर रामहरीच्या मोबाइलमध्ये इतकी वर्षं पडून होता. त्यानं फोन लावला. सुमितनं पलीकडून फोन बहिणीच्या हातात दिला. ती दुकानातच होती.

मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगता येत नाही. मी इतकी वर्षं तिची वाट बघत होतो, आणि ती एका फोनवर होती. कुणाला तो लावायचं सुचलं नव्हतं, एवढंच.

ती दुपारच्या एस.टी.नं आली. दार ढकललं गेलं, आणि या वेळी पोतं नव्हतं. केस कानाजवळ पांढरे झालेले, डोळ्यांवर चष्मा, हातात पूर्वीसारखीच कापडी पिशवी. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अगंबाई, तू अजून आहेस? मला वाटलं, यांनी तुला कधीच भंगारात दिला असेल."

मी ठरवलं होतं की ती आली की काहीतरी छान करून दाखवायचं. केलं काय, तर घरघरलो.

ती बसली. तिची बोटं कीबोर्डवर आली. दोनशे चौदा. मल्हार. एकतीस. मेघनानं मागे वळून बघितलं.

"एकतीस म्हणजे बाप आणि लेक. ही गाय मल्हारचीच लेक आहे."

माझा आकडा कुणीतरी वाचला. जसाच्या तसा. केवढा आनंद व्हायला हवा होता मला. पण समोर शकुबाई होत्या, आणि त्यांचं तोंड असं उतरलं की मला मुळीच बरं वाटलं नाही.

"मल्हारची कशी असंल गं?" त्या म्हणाल्या. "छकुली तर मी पळसदेवहून आणलीया. माझ्या भावाच्या शेजाऱ्याकडनं."

रणजितराव खाकरले. "वहिनी, राग मानू नका, पण कांडीसाठी लोकांनी यापूर्वीबी असंच सांगितलंय."

शकुबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांचे डोळे भरून आले. खोटारडं ठरवलं गेल्याचं दुःख कांडी हुकण्यापेक्षा मोठं होतं, ते मला दिसत होतं. आणि ते मी केलं होतं, माझ्या एका आकड्यानं.

मेघना मात्र अजून माझ्यात बघत होती. ती एकदम म्हणाली, "डॉक्टर, गाय किती वर्षं जगते हो?"

"खिलार असली, नीट जपली, तर वीस-बावीस."

"हिची जन्मतारीख बघा. या नोंदीनं छकुली पंचवीस वर्षांची होते."

दिग्विजय हसायला लागला. "पंचवीस? अहो, मी सकाळी तपासलीय तिला. दुसऱ्या वेताची गाय आहे. उड्या मारते."

मेघना उठली. "चला, मला गाय दाखवा." आणि सगळे शकुबाईंच्या गोठ्याकडे गेले. मी एकटाच राहिलो, माझा एकतीस पडद्यावर धरून. पुढचं मला रामहरीनं नंतर सांगितलं, आणि तो सांगताना इतका रंगला की मी तिथं होतो असंच मला वाटतं.

गोठ्यात छकुली वैरण खात होती. मेघनानं तिच्या गळ्याला हात लावला. पत्र्याचा बिल्ला होता, त्यावर दोनशे चौदाच होतं. पण तो गाईच्या गळ्यात अडकवलेला नव्हता. तो दाव्याला, म्हणजे गाईला बांधायच्या दोराला, तारेनं गुंडाळून बसवलेला होता. दावं जुनं होतं, हात लागून लागून गुळगुळीत झालेलं.

मेघनानं विचारलं, "मावशी, छकुलीच्या आधी या दाव्याला कोण होतं?"

"मोना. मल्हारची लेक. ह्यांच्या पहिल्या आजारपणात विकावी लागली, धा-बारा वर्सं झाली."

"मग बिल्ला तिच्याबरोबर का नाही गेला?"

शकुबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. "बिल्ला दाव्याला हाय की. आणि दावं का कुणी देतं? गाय विकली तरी दावं घरातच ठेवायचं असतं बाई. न्हाय तर गोठ्याची बरकत जाते. मग चार वर्सांमागं छकुली आणली, तिला त्याच दाव्याला बांधली."

दिग्विजय म्हणाला, "आमच्या घरी पण असंच. दावं सोडून घेतात आणि मगच गाय हवाली करतात." रणजितराव म्हणाले, "आमच्याबी." रामहरी म्हणाला, "सगळ्यांच्यातच. छकुली आली तवा मीच नुसतं नाव बदललं मशीनमध्ये. दावं तेच, मग नंबरबी तोच, असं मला वाटलं."

मेघना तिथंच गव्हाणीवर बसली. पिशवी मांडीवर घेऊन ती हसली आणि हसता हसता तिनं चष्मा काढून डोळे पुसले. "इतकी वर्षं मला वाटत होतं, मी गाईंची नोंद केलीय. मी दाव्यांची नोंद केली होती. कुणी मला सांगितलं नाही, कारण सगळ्यांना ते माहीतच होतं. आणि मीही विचारलं नाही." मग ती रणजितरावांकडे वळून म्हणाली, "मावशी खरं बोलत होत्या."

रणजितरावांनी हात जोडले. "चुकलो वहिनी." शकुबाई म्हणाल्या, "असू द्या. आता चिठ्ठीचं बघा आधी."

ऊन उतरायला लागलं होतं. सगळे परत आले. मेघनानं छकुलीला नवा नंबर दिला, जन्मतारीख डॉक्टरांच्या अंदाजानं घातली, गाव पळसदेव लिहिलं, आणि बापाच्या जागी ‘माहीत नाही’ लिहिलं; मल्हारची कांडी गावाबाहेर कधी गेलीच नव्हती, तेव्हा तो मल्हार नव्हता एवढं नक्की. मग वळू, मल्हार. सगळे माझ्या पडद्यावर वाकले. मला एकतीस दाखवायचं काही कारण उरलं नव्हतं. माझा प्रिंटर करकरला. शकुबाईंनी चिठ्ठी दोन्ही हातांनी घेतली आणि कपाळाला लावली. दिग्विजयनं कांडी काढली, कोमट पाण्यात धरली आणि तो लगबगीनं निघाला.

मेघनाची एस.टी. यायला वेळ होता. ती पुन्हा माझ्यासमोर बसली. तिनं रामहरीला विचारलं, "हा नुसते आकडे का दाखवतो? अर्थाची फाइल कुठं गेली?" रणजितराव दाराकडे बघायला लागले. तिनं फार चौकशी केली नाही. एकेक अर्थ आठवून तिनं पुन्हा लिहून काढला. एकतीसपाशी ती जरा थांबली. पूर्वी तिथं ‘बाप आणि लेक यांची गाठ पडतेय, थांबा’ एवढंच होतं. आता तिनं लिहिलं, "थांबा. ही बापलेक असावीत असं मला वाटतंय. पण आधी गोठ्यात जाऊन गाय बघून या, आणि मग माझं ऐका."

इतक्या वर्षांनी मला पुन्हा बोलता यायला लागलं, आणि पहिल्यापेक्षा शहाणं. पण सोमवारी मला विचारायला कुणी येणार नव्हतं. हे तिलाही माहीत होतं. तरी तिनं लिहिलं. जाताना माझ्या काचेवर तळहात ठेवला आणि म्हणाली, "येते रे." ती गेली. एस.टी.चा हॉर्न ऐकला आणि मग तोही दूर गेला.

सोमवारी माझ्या जागी चपटा, चकचकीत संगणक आला. मला पुढच्या पडवीत एका बाकावर ठेवलं. भंगारवाला आला होता, पण रामहरी त्याला म्हणाला, "ह्याला न्हाय. ह्याला ऱ्हाऊ दे." छकुली पुन्हा माजावर आली नाही, म्हणजे गाभण राहिली, ही बातमीही मला रामहरीनंच दिली. पुढे ती व्याली. गोऱ्हा झाला. गावातले लोक हळहळले, "कालवड झाली असती तर दूध तरी मिळालं असतं." शकुबाई म्हणाल्या, "मला दूध कुठं पायजे होतं?"

परवा त्या त्याला घेऊन संस्थेत आल्या. मित्रांनो, एक गोष्ट सांगतो, हसू नका. एवढी वर्षं गावातल्या साऱ्या गाईंची कुळकथा माझ्या पोटात होती, पण मी एकही गाय-वासरू कधी जवळून बघितलं नव्हतं. पहिल्यांदा बघितलं ते हे. पांढरंशुभ्र, डोळ्यांत काजळ घातल्यासारखं, पायांत अजून बळ नाही. ते माझ्याजवळ आलं आणि त्यानं माझी काच चाटली. रामहरी फडकं घेऊन पुसायला धावला. शकुबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे रं. त्याला काय व्हतंय?"

मेघना त्यानंतर आलेली नाही. यायचं कारणही नाही, तिला तिचं घर आहे, काम आहे. तरी मी वाट बघतो. पडवीतून रस्ता दिसतो, एस.टी. थांबलेली दिसते, उतरणारी माणसं मी एकेक बघून घेतो.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, त्यांच्यावर चहाचे कप ठेवू नका, असं तुम्हाला मी सांगायला हवं, आणि सांगतोच. पण मला खरं मागायचंय ते वेगळं. तुमच्या घरात कुणी थकलेलं माणूस असेल आणि ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा, तुटकपणे बोलत असेल, ‘नको’, ‘थांब’, ‘जाऊ नकोस’, तर त्याला गप्प करू नका. त्याच्याजवळ बसा आणि म्हणजे काय ते विचारा. कदाचित ते चुकत असेल. मीही चुकलो होतो. पण चुकत असलं तरी ते तुमच्या काळजीपोटीच बोलत असतं.